न धुतलेला आवाज

एक

पाणथळ नाहीशी झाली होती. जागेवर ती होती तशीच होती, चिखल, लव्हाळी आणि डासांसकट. नाहीशी झाली होती ती नकाशावरून. कार्यालयाच्या बैठकीच्या खोलीत भिंतभर नकाशा लावलेला होता आणि त्यावर कायमच्या राखून ठेवायच्या जागा हिरव्या रंगवलेल्या होत्या. गेल्या आठवड्यापर्यंत त्या हिरव्यात पाणथळ होती. काल छापून आलेल्या शेवटच्या नकाशात तिच्या जागी कोरा कागद होता, आणि उद्या दुपारी या नकाशावर सही व्हायची होती.

चौकशीबाई त्या पांढऱ्या डागाकडे बघत उभ्या राहिल्या. त्यांना मुख्यालयातून पाठवलं होतं. उभ्या आयुष्यात त्यांनी दुसऱ्यांच्या चुका शोधल्या होत्या आणि त्यांचे बहुतेक अहवाल कुठल्या ना कुठल्या कपाटात सुखाने झोपले होते. आता त्यांनाही झोपायचं होतं. महिनाभराची रजा मंजूर झाली होती, परवापासून सुरू. त्यात घरचं धुलाई यंत्र बिघडलं होतं. सकाळी निघतानाही ते लंगडत होतं, धप, धप, आणि मग एक गाळलेला ठोका. तो ठोका बाईंच्या डोक्यात अजून गळत होता. मिस्त्रीला फोन करा म्हटलं की नवरा म्हणायचा, उद्या बघू.

"कोणी काढली?" बाईंनी विचारलं.

"तेच तुम्ही शोधायचं," संचालक म्हणाले. सगळं कार्यालय त्यांना नुसतं साहेब म्हणायचं. "माझं विचाराल तर आमच्या नकाशेवालीची काहीतरी चूक असणार. संगणक तीच चालवते. लिहून टाका आणि मोकळ्या व्हा. तसंही सहीनंतर हरकतींना महिना असतो."

"आजवर कोणी हरकत घेतलीय?"

"छे. कोणाला वेळ आहे?"

"आणि पाणथळ यादीत नसली तर तिथे काय होईल?"

साहेबांनी चष्मा पुसायला घेतला. "गोदामं होतील. भराव टाकायला ट्रक तयारच आहेत. खालच्या शहराला पाणी त्या चिखलातून गाळून जातं असं म्हणतात. म्हणजे जातं. पण गोदामंही लागतातच ना, मॅडम."

दोन

नकाशेवाली तरुण होती आणि तिचे डोळे सुजले होते. बाईंनी खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, "मला यातलं काही कळत नाही असं समजून सांग. खरंच कळत नाही."

"सगळी जमीन चौकोनांत वाटलीय," नकाशेवाली म्हणाली. "राखायला थोडीच जमीन मिळणार, ती मर्यादा ठरलेली. त्यात दोन्ही बसवायचंय. प्रत्येक दुर्मीळ प्राणी, प्रत्येक दुर्मीळ झाड निदान एका तरी राखलेल्या जागी असलं पाहिजे, आणि माणसांना निसर्गाकडून जे मिळतं, पाणी, माती, मधमाश्या, त्याचाही ठरलेला वाटा भरला पाहिजे. संगणक सगळ्या जोड्या लावून बघतो आणि कमीत कमी जागेत सगळं बसेल अशी निवड देतो."

"आणि पाणथळ त्यात का होती?"

"पिवळ्या बेडकामुळे. तो फक्त तिथेच आहे. म्हणून ती नेहमी यायचीच, काहीही करा."

"मग पाणथळीचे आकडे कोणी बदलले?"

"तीच तर गंमत आहे, मॅडम. कोणीच नाही." तिने पडदा बाईंकडे वळवला. "मी एकेक आकडा ताडून पाहिला. बेडूक आहे, पाणी आहे, सगळं जिथल्या तिथे. पाणथळीला कोणी हातसुद्धा लावलेला नाही. आणि साहेब म्हणतात मीच काहीतरी केलं."

बाईंनी डोळे चोळले. चोरी झाली आणि कुलूप शाबूत, असल्या चौकशा त्यांना मुळीच आवडत नसत. "शेवटच्या वेळी संगणक चालवण्याआधी काही नवं घातलंस?"

"नेहमीसारखाच ढीगभर. प्रत्येक रानात झाडांना आवाज टिपणारी यंत्रं बांधलीत. त्यांतली कार्डं आम्ही तिघं आळीपाळीने आणतो, मी, मामा आणि जलदेवता." ती जरा ओशाळली. "म्हणजे पाण्याच्या मॅडम. मामा म्हणजे आमचे बेडूकवाले सर. प्राण्याचा आवाज सापडला की तेवढा तुकडा कापून चढवायचा. मामा आणि बाहेरचे एक तज्ज्ञ ऐकून होकार देतात. दोन होकार आले की नोंद पक्की."

"चढवतं कोण?"

"कोणीही. पासवर्ड एकच आहे." तिने भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे तो मोठ्या अक्षरांत चिकटवलेला होता. "कापायचं काम मात्र मी करत नाही. मला बेडूक आणि दाराची कुरकुर सारखीच वाटते."

मामांची खोली मागच्या बाजूला होती. निवृत्तीला आलेला मऊ बोलणारा माणूस, शर्टाच्या खिशाला शाईचा डाग. कानांवर हेडफोन होते, ते त्यांनी बाईंना बघून काढले आणि स्वतःचा चहा त्यांच्यापुढे सरकवला. खिडकीखाली जनरेटर इतका धडधडत होता की कप बशीत नाचत होता.

"या आवाजात तुम्ही काम कसं करता?" बाईंनी जवळजवळ ओरडून विचारलं.

"कुठला आवाज?" मामा म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं आणि ते हसले. "तो होय. सवय झाली. आम्ही तर आवाज धुऊनच ऐकतो. यंत्रातून खालची घरघर काढून टाकली की फक्त प्राणी उरतो. पुढेपुढे कानच ते काम करायला लागतात."

भिंतीवर एक जुना फोटो होता. उंच झाडांखाली तरुण मामा आणि त्यांच्या शेजारी हातात कंदील धरलेली एक मुलगी.

"टेकडीचं रान," मामा म्हणाले. "आणि ती माझी बायको. तिथे अजून रस्ता नाही, विजेचा खांबसुद्धा नाही. इतकी वर्षं आम्ही मागे लागलो होतो, या वेळी आलं यादीत." आनंदाची बातमी सांगताना माणूस वर बघतो. मामा बशीकडे बघत होते.

"आणि पाणथळ गेली."

"हो," मामा म्हणाले. "फार वाईट झालं ते." आणि त्यांनी हेडफोन पुन्हा कानांवर चढवले.

तीन

जलदेवतेने बाईंना स्वतःच्या गाडीतून पाणथळीवर नेलं आणि रस्ताभर साहेबांचा उद्धार केला. पाण्याची शास्त्रज्ञ, आवाज खणखणीत, चिखलाचे बूट गाडीत कायमचे ठेवलेले.

"तुम्हाला वाटतं हा संगणकाचा घोळ आहे?" ती म्हणाली. "मी सांगते कोणी केलं. गेल्या आठवड्यात साहेब याच बांधावर गोदामवाल्याबरोबर उभे होते. मी डोळ्यांनी पाहिलं. हातात हात घालायचे तेवढे बाकी होते."

बाई बांधावर उतरल्या. दुपार ढगाळ होती आणि चपलेत चिखल शिरला होता. लव्हाळ्यांच्या पलीकडे शहराच्या पाणीपुरवठ्याचं पंपघर दिसत होतं. तिथून आवाज येत होता, धप, धप, आणि मग एक गाळलेला ठोका. बाईंना वाटलं घरचं यंत्रच पाठोपाठ आलंय.

"हा पंप लंगडतोय," त्या म्हणाल्या.

"महिना झाला. दुरुस्तीचा कागद फिरतोय टेबलाटेबलावरून." जलदेवतेने हात वर केला. "थांबा. ऐका."

लव्हाळ्यांतून दोन गोट्या एकमेकींवर आपटाव्यात तसा आवाज आला. पिवळा बेडूक. तो थांबतो न थांबतो तोच चिरक्या आवाजात कोणीतरी भांडायला उठलं.

"हा वटवट्या," जलदेवता म्हणाली. "एवढासा पक्षी, पण बेडूक गप्प झाला की याने तोंड उघडलंच पाहिजे. माझ्यासारखाच आहे. लव्हाळी सोडून कुठे राहत नाही." ती खाली बसली आणि तिने पाण्यात हात बुडवला. वरच्या ओढ्यातून येताना ते तांबडं होतं, इथून पुढे जाताना काचेसारखं दिसत होतं. "हे काम करायला शहराला केवढा कारखाना बांधावा लागेल माहितेय? ही फुकट करते, म्हणून हिला किंमत नाही."

परतताना बाईंनी साहेबांना फोन लावला आणि बांधावरच्या भेटीबद्दल सरळ विचारलं.

"गेलो होतो," साहेब म्हणाले. "तो गळ्यातच पडला होता. मी त्याला सांगितलं, यादी संगणक ठरवतो, माझ्या हातात काही नाही. पाणथळ गेल्यावर मी सुटकेचा श्वास टाकला, हे खरं. पण काढली मी नाही. मॅडम, माझी ईमेलसुद्धा शिपाई उघडून देतो."

हे मात्र खरं होतं. बाईंनी सकाळी ते स्वतः पाहिलं होतं. म्हणजे ज्याला पाणथळ नको होती त्याला ती काढता येत नव्हती, आणि ज्यांना काढता आली असती त्या सगळ्यांना ती हवी होती.

चार

घरी नवरा पलंगावर बॅग भरत बसला होता. सकाळी त्याला भावाकडे जायचं होतं. बाई शेजारी बसल्या आणि ओल्या चपला तशाच पायात राहू दिल्या.

"दमलीस?"

"दमले. आणि उद्या दुपारपर्यंत काही सापडलं नाही तर एका पोरीच्या माथ्यावर खापर फुटेल आणि एक तळं मातीत जाईल. मग माझी रजा सुरू."

त्याने हं केलं. त्याचं लक्ष बॅगेत होतं. बाईंनीही बॅगेत डोकावलं. "अहो, पांघरायची चादर काढली होती ना मी? ती कोणी काढून टाकली?"

"कोणी नाही काढली. दादाच्या घरी थंडी असते म्हणून शाल घेतली. शालीने पांघरायचंही भागतं आणि बाहेर जाताना अंगावर घ्यायचंही. मग चादर कशाला? बॅग एवढीशी."

बाई चादरीकडे बघत राहिल्या. ती खुर्चीवर घडी घालून ठेवलेली होती, सुरकुतीसुद्धा न पडलेली. तिला कोणी हात लावला नव्हता. दिवसभर त्या विचारत होत्या, चादर कोणी काढली. विचारायला हवं होतं, बॅगेत शाल कोणी घातली.

"काय झालं?" नवऱ्याने विचारलं.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही मिस्त्रीला फोन केलात?"

"उद्या बघू," तो म्हणाला.

पाच

सकाळी नकाशेवालीला अर्ध्या मिनिटात सापडलं. शेवटच्या ढिगातली एक नोंद, पिवळा बेडूक, ठिकाण टेकडीचं रान. ती कपाळावर हात मारून बसली.

"मी पाणथळीतच शोधत बसले," ती म्हणाली. "बेडूक टेकडीवरही आहे म्हटल्यावर पाणथळीचा हट्ट संपला. टेकडीच्या रानात इतरत्रही सापडणारी काही दुर्मीळ झाडं आहेत, बेडूक आला, आणि तिथे पाणीही भरपूर मुरतं. एकाच जागेत सगळं भागलं."

"पण ते पाणी शहराला जातं का?"

"नाही. पलीकडच्या उतारावरून जातं, तिथे वस्ती नाही. संगणकाला आम्ही एकूण पाणी विचारलं होतं. ते कोणाच्या नळाला येतं हे विचारलंच नाही." तिचा आवाज बारीक झाला. "ही चूक आमचीच, सगळ्यांची. पण नोंद तर पक्की आहे, मॅडम. दोन होकार आहेत. बेडूक तिथे असेल तर काय करणार?"

"ऐकव."

तिने वाजवलं. गोट्या आपटल्या, स्वच्छ आणि एकट्या. मागे काही नाही.

"हा धुतलेला?"

"हो. सगळे असाच ऐकतात."

"न धुतलेला लाव."

मूळ तुकडा नियमाप्रमाणे जोडलेला होता, पण तो उघडल्याची एकही खूण नव्हती. नकाशेवालीने आवाज मोठा केला. बेडूक वाजला. त्याच्याखाली, दूर कुठेतरी, धप, धप, आणि मग एक गाळलेला ठोका.

बाईंनी डोळे मिटले. विजेचा खांब नसलेल्या रानात शहराचा पंप लंगडत होता.

"पुन्हा लाव. शेवट ऐक. इतर तुकडे असेच संपतात?"

नकाशेवालीने चार-पाच तुकडे लावून पाहिले. ते सगळे बेडकानंतर थोडे रेंगाळत होते. हा मात्र बेडूक थांबताक्षणी कात्रीने कापल्यासारखा संपत होता.

"कार्डांची अदलाबदल झाली असेल," ती आशेने म्हणाली. "चुकून."

"चुकून झाली असती तर शेवट असा तासलेला नसता. याच्यानंतर लव्हाळ्यांतला पक्षी ओरडणार होता आणि तो टेकडीवर असू शकत नाही. कापणाऱ्याला ते माहीत होतं. तुला बेडूक आणि दार यांत फरक कळत नाही. साहेबांना फाइल उघडता येत नाही. पाण्याच्या मॅडमना पक्षी माहीत आहे, पण पाणथळ घालवण्यापेक्षा त्या स्वतःचा हात कापून देतील. शिवाय त्यांनी कापला असता तर पंप त्यांना ऐकू आला असता, त्या रोज त्याच्या नावाने बोटं मोडतात." बाई उठल्या. गुडघे कुरकुरले. "पक्षी ज्याला ऐकू येतो आणि पंप येत नाही, असा इथे एकच माणूस आहे."

सहा

जनरेटर धडधडत होता. मामांनी बाईंच्या हातातला छोटा स्पीकर पाहिला आणि हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

बाईंनी तुकडा लावला. "काय ऐकू येतं?"

"पिवळा बेडूक. नर. पूर्ण वाढलेला."

"आणखी?"

मामांनी मान तिरकी केली. बाईंनी बोटाने टेबलावर ताल धरला, दोन ठोके आणि तिसरा गाळलेला. मामांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. आयुष्यभर बाजूला सारलेली एक गोष्ट परत येताना त्यांना ऐकू येत होती.

"पंप," ते म्हणाले. "बापरे, केवढा मोठा आहे."

बाईंनी स्पीकर बंद केला. बाईंना राग यायला हवा होता. वाईट वाटत होतं.

"मी त्या रानात तो ऐकलाय," मामा म्हणाले. "लग्नाच्या आदल्या वर्षी, आम्ही दोघांनी. यंत्र नव्हतं बरोबर. नंतर किती वेळा गेलो, यंत्रं बांधली, त्या दिवसांत कधी पाऊस नाही, कधी कार्ड भिजलं. हिने ऐकला होता, पण ती आता साक्षीला नाही. पुढच्या वर्षी मी निवृत्त होणार, त्या रानाचं नाव घेणारं कोणी उरणार नाही. मला वाटलं, एक खरी गोष्ट आहे, तिला फक्त पुरावा नाही, तर उसना देऊ."

"आणि पाणथळ?"

"एखादा माळ वगळला जाईल असं धरून चाललो होतो. नकाशा छापून आला तेव्हा कळलं. दोनदा साहेबांच्या दारापर्यंत गेलो, कडी वाजवायचं धैर्य झालं नाही." त्यांनी बाईंकडे पाहिलं. "त्या पोरीचं नाव पुढे करतायत हे मला माहीत नव्हतं. शपथेवर सांगतो."

"चला," बाई म्हणाल्या. "तिच्यासमोर सांगा."

सात

सगळे पडद्यासमोर उभे राहिले. मामांनी सगळं सांगितलं, नकाशेवालीकडे बघून, साहेबांकडे नाही. जलदेवतेने तोंड उघडलं आणि प्रथमच काही न बोलता मिटलं. नकाशेवालीने ती नोंद काढून टाकली.

"एक विनंती आहे," मामा म्हणाले. "चालवण्याआधी बघ, दोन्ही बसतात का."

"नाही बसत, मामा," ती हळूच म्हणाली. "सकाळीच बघितलं. जागेची मर्यादा ओलांडली जाते."

"बरं. चालव."

नकाशा क्षणभर कोरा झाला आणि चौकोन एकेक करून भरू लागले. पाणथळ हिरवी झाली. जलदेवतेने डोळे पुसले. वरच्या कोपऱ्यात टेकडीचं रान पांढरं पडलं आणि पांढरंच राहिलं.

"बरोबर आहे," मामा म्हणाले. "पाणी लोकांना लागतं." मग ते आपल्या खोलीत गेले आणि खिडकीखालचा जनरेटर बंद करा म्हणून त्यांनी पहिल्यांदाच शिपायाला सांगितलं.

दुपारी सही झाली. बाईंनी अहवाल लिहिला. पंपाचा ठोका लिहिला, कापलेला पक्षी लिहिला, मामांची कबुली लिहिली आणि संगणकाला न विचारलेला प्रश्नही लिहिला. तरुणपणी दोघांनी ऐकलेल्या बेडकासाठी अहवालात जागा नव्हती, कारण तो पुरावा नव्हता. आयुष्यभर त्यांनी हाच नियम पाळला होता आणि आजही पाळला. पहिल्यांदाच त्यांना तो पाळताना त्रास झाला.

घरी पोचल्या तेव्हा नवरा धुलाई यंत्रासमोर ऐटीत उभा होता. त्याने बटण दाबलं. यंत्र नुसतं गुणगुणत राहिलं.

"मिस्त्री येऊन गेला," तो म्हणाला. "त्याच्यासाठी दादाकडे जायचं उद्यावर ढकललं. बघ, आवाज आहे का? आता महिनाभर तू आराम कर."

बाई जमिनीवरच बसल्या आणि भिंतीला टेकल्या. खरंच आवाज नव्हता.

"ती शाल मला द्या," त्या म्हणाल्या. "तुम्ही चादर न्या. हरकतींना महिना आहे. मी एका रानात जाऊन बसणार आहे, एका म्हाताऱ्या माणसाबरोबर. यंत्र घेऊन."

"दमलीयस ना तू? कशासाठी?"

"बेडूक ऐकायला."

तो त्यांच्याजवळ येऊन बसला. थोडा वेळ दोघंही यंत्राची गुणगुण ऐकत राहिले. "आणि नाही ऐकू आला तर?"

"तर नाही आला असं लिहीन," बाई म्हणाल्या.